पस्तीस बाय पंचेचाळीस

खडेबाजारातल्या स्टुडिओत काळा कोट फुकट मिळतो.
एकच आहे, दोन बटणं गेलेला,
स्थळं बघणाऱ्यांपासून दुबईला निघालेल्यांपर्यंत
सगळ्यांचा घाम प्यालेला.
मी तो चढवला. "मान सरळ, दात नको,
कान दोन्ही दिसूदेत," भरमा म्हणाला.
"कुठं जाऊलालास गा?"
कुस्तीची जागतिक स्पर्धा, म्हटल्यावर
त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं.

खेळायला नव्हे, लिहायला.
कंग्राळीची मल्लव्वा बिर्जे उतरणार होती, त्रेपन्न किलोत,
आणि तिची पहिली बातमी, सहा ओळींची,
माझ्या हातची.

मुदत एकतीस तारखेच्या मध्यरात्री.
मध्यरात्र त्यांची,
म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेतीन.
संपादकांचं पत्र हवं. खपाचा आकडा हवा.
संपादक म्हणाले, घाल पंधरा हजार.
मग काय मनात आलं, म्हणाले, नको, खरा घाल.
खरा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता.
कुस्तीवर छापून आलेलं काहीबाही जोडा.
मी मुतग्याचं मैदान जोडलं,
ज्यात चितपट झालेला गडी
आमच्या अंकात जिंकला होता.
कोण वाचणार होतं तिथं.

लेटरहेडवर बेळगाव. पासपोर्टवर बेळगावी.
लाल अक्षरं आली : पत्ता जुळत नाही.
अरे बाबा, ह्याच्यावर मोर्चे निघालेत आमच्याकडं,
माणसं आत जाऊन आलीत,
आणि तू खुलाशाला चौकट देतोस पन्नास अक्षरांची.
मी पिनकोड टाकला. पाच नऊ शून्य शून्य शून्य एक.
तेवढं हिरवं झालं.

दाखल्यासाठी चौकीत गेलो.
हवालदार तळवारांना मीच आपणहून सांगितलं,
कॉलेजात असताना एका पाटीला डांबर फासलं होतं,
केस झाली नव्हती.
त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.
"हळेदु, बिडरी." जुनं ते, सोडा.
आणि कन्नडमधून स्वच्छ दाखला लिहिला,
त्याचं इंग्रजी करायला कोर्टासमोर चारशे रुपये पडले.

शेवटचं पान : वार्तांकनाची भाषा.
खाली सरकणारी यादी.
'म'च्या जागेवर गेलो, वर आलो, पुन्हा गेलो.
सायबरात शेजारच्या खुर्चीवर बसवंत हिरेमठ,
कन्नड दैनिकाचा, तोच अर्ज उघडून,
'क'च्या आसपास कुठंतरी थांबलेला.
"काय टाकलंस?"
"इतर."
"मीपण."
आमच्या भागाला जागा एकच, हे दोघांनाही माहीत होतं.
तरी तीन वाजता लाईट गेली तेव्हा
त्यानं आपल्या मोबाईलचं नेट मला जोडून दिलं.
पासवर्ड त्याच्या मुलीचं नाव होतं.

जागा त्याला मिळाली.
कार्ड दाखवायला आला, गळ्यात निळी फीत.
फोटोतला कोट मी लगेच ओळखला.

दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी, हे खरं.
तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर गाठलं.
मॅटवरनं खेळाडू बाहेर येतात ती वाट,
दोरीच्या अलीकडं तुम्ही, हातात मिनिट-दीड मिनिट.
काय विचारणार?
"कसं वाटतंय, असं."
ते जग विचारेल. तू मराठीतनं विचार :
डावा कान अजून ठणकतोय काय?
मग बोलेल ती. हरली तरी बोलेल.
त्यानं तळहातावर कन्नड अक्षरांत उतरून घेतलं,
'ठणकतोय' माझ्याकडनं दोनदा म्हणून घेतलं.
बस हलली तसा खिडकीतनं पुन्हा एकदा म्हणाला. बरोबर म्हणाला.

फोटोच्या आठ प्रती काढल्या होत्या.
एक दाखल्याला गेली, एक बायकोनं गॅस एजन्सीत लावली.
बाकीच्या सहा कपाटात आहेत, पाकिटात,
मान सरळ, दात झाकलेले,
कान दोन्ही दिसतात.